स्पीकरमधली घूं कुठून येते आणि कशी घालवायची

ॲम्प्लिफायर चालू केला, गाणं अजून लावलेलंही नाही, तरी स्पीकरमधून एकसुरी घूं येते. दिवसा पंख्याच्या आणि समुद्राच्या गाजेच्या आवाजात ती बुडून जाते. रात्री दहानंतर घर निजलं की पहिली तीच कानावर येते. दुकानात गेलात तर महागडी वायर पुढे केली जाते. ओळखीतला जाणकार सांगतो, "प्लगची तिसरी पिन काढून टाक, लगेच बंद होईल." वायरीने पैसे जातात, पिन काढण्याने जीव जाऊ शकतो.

घूं शोधायची रीत साधी आहे: काही विकत न घेता एकेक गोष्ट काढत जायची आणि कोणती काढल्यावर आवाज थांबतो ते बघायचं. तासाभराचं काम आहे. कोकणात मात्र दोन भानगडी जास्तीच्या असतात. खारा वारा वायरींचे जोड खातो, आणि जांभ्यात अर्थिंग नीट बसत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी दिलेला सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. खाली त्या दोन मुद्द्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

सुरू करण्याआधी: तिसऱ्या पिनेला हात लावू नका

थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन अर्थची. ती काढली की बऱ्याचदा घूं खरंच थांबते, म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. पण उद्या ॲम्पच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर त्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि फ्यूज उडणार नाही, कारण करंटला परतीची वाटच उरलेली नाही. मग ती वाट तुमच्या हातातून जाते. ॲम्पला जोडलेल्या प्रत्येक आरसीए वायरीचं (ऑडिओ सिग्नल नेणारी, गोल पिनीची वायर) बाहेरचं कडं त्या पत्र्यालाच जोडलेलं असतं, म्हणजे टेपरेकॉर्डर, लॅपटॉप, माइक सगळंच जिवंत. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात भजनाचा माइक आहे, असं डोळ्यांपुढे आणा. थ्री-टू-टू पिनचा ॲडॅप्टर लावणं म्हणजेही हेच, फक्त पिन न तोडता.

आपण लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थला जोडलं गेल्याने करंटला मिळणारा वळसा, तोडणार आहोत, पण सिग्नलच्या बाजूने. अर्थच्या बाजूने नाही.

हाताशी काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर, ६०० व्होल्टपर्यंत एसी मोजणारा, प्रोबच्या वायरी न तडकलेल्या
- नक्की चालू असलेली एक जादा आरसीए वायर
- दोन शॉर्टिंग प्लग. विकत आणायची गरज नाही. साध्या आरसीए पिनीचं आतलं आणि बाहेरचं टोक वायरीच्या तुकड्याने झाळून टाका, झाला प्लग
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, सुती फडकं
- पाच-सहा थ्री-पिन सॉकेटचा, १.५ चौरस मिलिमीटर वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड
- मोबाइल, त्यात टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप, आणि हेडफोन
- कागद-पेन्सिल. ही विसरू नका. चौथ्या वायरीनंतर आधी काय काढलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

१. आवाज ओळखा

सगळेच आवाज घूं नसतात, आणि जात कळली की अर्धं काम होतं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे घूं एक तर ५० हर्ट्झची असते किंवा तिच्या दुपटीची, १०० हर्ट्झची. टोन जनरेटरवर आधी ५०, मग १०० लावून हेडफोनमध्ये ऐका आणि स्पीकरमधल्या आवाजाशी ताडून बघा. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हा प्रयोग करू नका, त्याला ५० हर्ट्झ काढताच येत नाही. घरात पेटी असेल तर आणखी सोपं. मंद्र सप्तकातली पांढरी पाच दाबा. तिच्या एक सप्तक खालचा, किंचित चढा सूर म्हणजे १०० हर्ट्झ. आणखी एक सप्तक खाली गेलात की ५०.

निव्वळ १०० हर्ट्झचा आवाज बहुतेक वेळा ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून येतो. ५० हर्ट्झची गोल, जाडसर घूं असेल तर लूप, तुटलेली शील्ड (वायरीतल्या आतल्या तारेभोवतीचं तारांचं वेष्टण) किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर यांपैकी काहीतरी. धारदार झर्रर्र असा आवाज असेल तर डिमर, स्वस्त एलईडी माळ, इन्व्हर्टर किंवा चार्जर यांच्यावर संशय घ्यायचा. बारीक सूंऽऽ मात्र वेगळी. ती ॲम्पच्या स्वतःच्या गोंगाटाची, थोडीफार असणारच, आणि या लेखात तिच्यावर उपाय नाही.

एक फसवणूक लक्षात ठेवा. कान स्पीकरला लावा, मग ॲम्पच्या खोक्याला. आवाज खोक्यातून येत असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय. घरचा व्होल्टेज २५० च्या वर गेला की असं होतं, किंवा ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू ढिले झालेले असतात. वायरी बदलून त्यात काडीचा फरक पडणार नाही.

२. सगळं काढा, फक्त ॲम्प आणि स्पीकर ठेवा

मागच्या सगळ्या वायरी काढा. सीडी, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, सबवूफर, सगळं. स्पीकर तेवढे राहू द्या. ज्या इनपुटवर सिलेक्टर आहे तिथे दोन्ही शॉर्टिंग प्लग घाला. हे प्लग फक्त इनपुटमध्ये घालायचे. प्री-आउट, टेप-आउट (हे दोन्ही सिग्नल बाहेर नेणारे जोड) किंवा स्पीकरच्या टर्मिनलवर घातलेत तर ॲम्प जाळाल.

आता ॲम्प चालू करा आणि आवाजाचं बटण शून्यापासून हळूहळू फिरवा.

शून्यावरही घूं आहे आणि बटण फिरवल्याने ती बदलत नाही, तर दोष बटणाच्या पुढे, म्हणजे पॉवर ॲम्प किंवा पॉवर सप्लायमध्ये. जुन्या ॲम्पमध्ये बहुधा फिल्टरचे मोठे कपॅसिटर सुकलेले असतात. कौलाखालच्या माळ्यालगत, मे महिन्यात, हवा खेळू न देता कपाटात कोंबलेल्या ॲम्पमध्ये ते लवकर सुकतात. डोकं फुगलेला कपॅसिटर टॉर्चने जाळीतून दिसतोही. पण झाकण उघडून हात घालू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. मेकॅनिककडे द्या आणि एवढं सांगा: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज मूळ आकड्याइतका किंवा जास्त, आणि ८५ नाही, १०५ अंशांचा घाला.

शॉर्टिंग प्लग असताना पूर्ण शांत? मग ॲम्प निर्दोष आहे. प्लग न घालता, मोकळ्या इनपुटवर बटण पूर्ण चढवलं की थोडी घूं येतेच. उघडी इनपुट हा एक ॲन्टेनाच असतो, ती घूं मोजू नका.

३. एकेक वस्तू परत जोडा, पण दोन टप्प्यांत

इथे लोक घाई करतात. वस्तूची ऑडिओ वायर आणि विजेचा प्लग एकदम लावतात आणि मग घूं नक्की कशाने आली ते कळत नाही.

आधी फक्त ऑडिओ वायर लावा, वस्तूचा प्लग सॉकेटबाहेर ठेवून. घूं आली? मग वायर किंवा तिचा जोड खराब. जादा वायर लावून खात्री करा. घूं आली नाही तर विजेचा प्लग लावा. आता आली, म्हणजे लूप. नाही आली तर त्या वस्तूला असलेली तिसरी वायर जोडा: डिशची किंवा केबलची कोॲक्स (जाड गोल वायर), टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय, इंटरनेटची लॅन. प्रत्येक वेळी कागदावर खूण.

कोकणातल्या घरांत बहुतेक वेळा गुन्हेगार या तिसऱ्या वायरीत सापडतो. छपरावरची डिश लोखंडी पाइपावर, पाइप भिंतीला किंवा जमिनीत. केबल असेल तर तिची शील्ड बाहेर खांबापाशी कुठेतरी अर्थ झालेली. घराचा अर्थ एकीकडे, केबलचा दुसरीकडे, आणि दोन्ही तुमच्या ॲम्पच्या पत्र्यावर येऊन भेटतात. त्या दोन अर्थांमध्ये थोडाजरी व्होल्टेजचा फरक असला तरी करंट आरसीए वायरीच्या शील्डमधून वाहतो. ग्राउंड लूप म्हणतात तो हा. कोॲक्स हाताने सोडवली आणि घूं कापल्यासारखी थांबली, की निदान झालं.

लॅपटॉपसाठी वेगळी कसोटी: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं गेली तर दोष चार्जरचा मार्ग वापरणाऱ्या करंटचा.

आणि बोटाची कसोटी. कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून, ॲम्पच्या पत्र्याला बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श करा. घूं कमी झाली किंवा बोटाला बारीक झिणझिण्या आल्या तर त्या पत्र्याला अर्थ पोचलेलाच नाही. तिथेच थांबा आणि थेट सहाव्या पायरीवर जा. झिणझिण्याऐवजी झटका बसला तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. तेव्हा प्रश्न संगीताचा राहत नाही.

४. सगळ्यांना एका बोर्डावर आणा

ॲम्प माजघरातल्या सॉकेटवर, टीव्ही ओटीवरच्या सॉकेटवर, सबवूफर तिसऱ्याच भिंतीवर अशी मांडणी असेल तर अर्थच्या वायरींचं मोठं कडं तयार होतं. सगळे प्लग एकाच थ्री-पिन एक्स्टेन्शन बोर्डात घाला आणि बोर्ड भिंतीतल्या एकाच सॉकेटमध्ये. बऱ्याच घरांत घूं इथेच निम्मी होते, आणि खर्च काही नाही.

भाराची काळजी नको. ६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १३८० वॉट चालतात. दोन चॅनेलचा घरगुती ॲम्प, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर मिळून त्याच्या निम्मेही होत नाहीत. इस्त्री किंवा गिझर मात्र त्या बोर्डावर लावू नका.

स्वस्त बोर्डात एक खोट असते. तीन भोकं दिसतात, पण वरच्या भोकाला आत वायरच नसते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, बोर्ड भिंतीपासून सुटा असताना, प्लगची जाड पिन आणि प्रत्येक सॉकेटचं वरचं भोक तपासा. बीप आला नाही तर तो बोर्ड ॲम्पसाठी बाद.

५. जोड साफ करा

समुद्राजवळच्या घरात ही पायरी सोडली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. आधी गणित बघा, म्हणजे कडं पुसण्यात वेळ का घालवायचा ते पटेल.

समजा आरसीए वायरीच्या शील्डमधून १ मिलिअँपिअर नको असलेला करंट वाहतोय. शील्ड आणि जोडांचा मिळून रोध ०.१ ओहम असेल तर तिथे ०.१ मिलिव्होल्ट घूं तयार होते. टेपचा सिग्नल ३०० मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे घूं त्याच्या तीन हजाराव्या भागाएवढी. ऐकू येणार नाही म्हटलं तरी चालेल. आता तेच कडं खाऱ्या हवेत हिरवं पडलं आणि रोध १ ओहम झाला. करंट तेवढाच, घूं मात्र दहापट, सिग्नलच्या तीनशेव्या भागाएवढी. रात्री ती स्पष्ट ऐकू येते. बाकी काही बदललेलं नसतं. म्हणूनच "गेल्या वर्षी याच सेटला काही नव्हतं" असं लोक म्हणतात, आणि खरंच म्हणतात.

लूप शोधण्याआधी नुसतं कडं पुसून घूं गेलेली अनेक घरं असतात.

सगळे प्लग काढा, वीज पूर्ण बंद. आरसीए पिनीचं बाहेरचं कडं आणि ॲम्पवरच्या सॉकेटचं बाहेरचं कडं, हे दोन महत्त्वाचे. आतल्या पिनीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण घूं कड्यावर ठरते. अल्कोहोल लावलेल्या ब्रशने गोल फिरवत घासा. फडकं हिरवट किंवा काळं पडतं, ते स्वच्छ येईपर्यंत. जाड हिरवा थर असेल तर खोडरबरने घासा. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा निकेलचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात आतलं पितळ दुप्पट वेगाने हिरवं पडतं. मग सगळं वाळू द्या, कडं पक्कडीने अगदी किंचित आवळा, म्हणजे सॉकेटवर घट्ट बसेल.

वायर घरी झाळलेली असेल तर पिनीचं टोपण फिरवून आत बघा. शील्डच्या तारांचा पुंजका कड्याच्या पट्टीला झाळलेला असतो. ओढलेल्या वायरीत नेमका तोच सुटतो, आतली तार शाबूत राहते. गाणं वाजत राहतं, बारीक होतं, आणि घूं प्रचंड. शील्ड अजिबात न लागलेल्या वायरीची हीच खूण.

स्पीकरच्या वायरी काळ्या पडल्या तर खरखर होईल, चॅनेल मधूनच जाईल, पण घूं येत नाही. तिथे वेळ घालवू नका.

पावसाळ्यात दोन महिने सेट बंद ठेवायचा असेल तर मोकळ्या सॉकेटवर आरसीएच्या टोप्या लावा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतली ऊब दमटपणा बाहेर काढते. तोंडाला पातळ कपडा बांधलेली सिलिका जेलची पुडी कपाटात ठेवणं चांगलं, मात्र जेल ओलं झालं की तव्यावर परतून घ्यायला हवं. नाहीतर ती पुडी नुसती शोभेची.

६. घराचं अर्थिंग तपासा

मल्टिमीटर एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजला. सॉकेटकडे तोंड करून बघताना उजवं भोक फेज, डावं न्यूट्रल, वरचं अर्थ. प्रोब बोटांच्या कडीमागून धरा, पायात रबरी चप्पल.

फेज ते न्यूट्रल २२० ते २४० यावं. फेज ते अर्थ त्याच्या आसपास, दोन-तीन व्होल्टच्या फरकाने. न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्टच्या आत, फ्रीज आणि पंखे चालू असताना.

फेज ते अर्थ ६०, ९० किंवा ११० असं काहीतरी अधांतरी वाचन आलं, तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा मुळातच नाही. जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगमध्ये दोनच तारा असतात. नंतर कुणीतरी थ्री-पिन सॉकेट बसवलेलं असतं, पण वरच्या भोकामागे रिकामी जागा. अशा घरात थ्री-पिन ॲम्पचा पत्रा आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. बोटाला झिणझिण्या येतात त्या याच.

न्यूट्रल ते अर्थ, इस्त्री चालू असतानाही, अगदी ०.० दाखवत असेल तर खूश होऊ नका. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडल्याची शक्यता आहे. कुणी "अर्थ नाही, मी देतो करून" म्हणालं तर बहुधा हेच केलेलं असतं. न्यूट्रल बाहेर तुटला की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो. लगेच काढून टाकायला लावा.

फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब पेटवून अर्थ बघायची जुनी पद्धत आहे. बल्ब पेटला म्हणजे अर्थ चांगला, असं मानतात. अर्थ कमजोर असेल तर तेवढा वेळ घरातली सगळी धातूची उपकरणं थोडी जिवंत होतात. घरच्या माणसांनी हे करू नये.

आता अर्थिंगचा खड्डा. मातीप्रमाणे इथे तीन प्रकार पडतात. सड्यावरचं घर जांभ्यावर असतं. वर हातभर माती, खाली दगड. पावसाळ्यात पाणी मुरतं, पण एप्रिल-मेमध्ये तो कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थचा रोध कित्येक पट वाढतो. उन्हाळ्यात येणारी आणि मृगाच्या पावसाबरोबर जाणारी घूं ही या खड्ड्याची खूण. फ्रीज, इन्व्हर्टर, पंप यांचा बारीक गळणारा करंट कोरड्या खड्ड्यातून जमिनीत उतरत नाही, मग तो डिशच्या किंवा केबलच्या वायरीने वाट काढतो, तुमच्या आरसीएवरून. पुळणीतल्या घराची गोष्ट उलट. वाळू खाली ओली आणि खारट, अर्थ छान लागतो, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप काही वर्षांत पापडासारखा होतो. तिथे तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घ्या. बागेतली, भातखाचराजवळची माती या दोहोंपेक्षा बरी, तिथे फारशी कटकट नसते.

खड्ड्याची तपासणी करण्याआधी मेन स्विच बंद, आणि इन्व्हर्टरही बंद, हे दुसरं बहुतेक जण विसरतात. सिमेंटचं झाकण उचला. पाइपाच्या तोंडाशी क्लॅम्प दिसेल, त्यात घरात जाणारी पट्टी किंवा तार. नट गंजून फुगलेला असतो, आणि त्याच्याखाली तारेचं टोक कधी कधी नुसतं टेकलेलं असतं. बोटाने हलवलं की हलतं. घरातला शंभर टक्के चांगला अर्थ त्या एका नटावर लटकलेला असतो. उघडा, तारेचा ब्रश मारा, नवा नट-बोल्ट, जोड आवळून वरून ग्रीस.

नवा खड्डा करायचा असेल तर जागा निवडण्यातच बरंच काम होतं. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ किंवा माडाच्या आळ्याशेजारी, जिथे बारा महिने ओल असते. पाइप अडीच ते तीन मीटर खोल, त्यासाठी जांभ्यात ड्रिल मारावं लागतं. दीड फूट खणून पाइप आडवा पुरणारा कंत्राटदार भेटला तर नम्रपणे निरोप द्या. मीठ-कोळशाने रोध उतरतो, पण मीठ पाइप खातं. बेन्टोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरणं महाग पण टिकाऊ. काम झाल्यावर वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. ५ ओहमच्या आत असावं. सड्यावर एका खड्ड्यात एवढं आलं नाही तर तीन मीटरहून जास्त अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडून टाकतात. उन्हाळ्यात पाइपात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या.

एक हौशी चूक: "ऑडिओसाठी वेगळं अर्थिंग". अंगणात दुसरा रॉड ठोकून त्याची तार थेट ॲम्पच्या पत्र्याला. आता घरात एकमेकांना न जोडलेले दोन अर्थ झाले, म्हणजे लूप स्वतःच्या हाताने बांधला. वीज कडाडली की दोन रॉडांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो ॲम्पमधून वाहतो. दुसरा रॉड घ्यायचाच तर तो मुख्य अर्थला जोडलेला हवा.

७. रेकॉर्ड प्लेअर असेल तर

इथे सगळंच नाजूक. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास. वर सांगितलेली १ मिलिव्होल्टची घूं इथे सिग्नलच्या पाचव्या भागाएवढी होते.

प्लेअरमधून आरसीएबरोबर एक बारीक सुटी तार येते. ती ॲम्पवर जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला लावायची. तो अर्थ नाही, भिंतीतल्या सॉकेटशी त्याचा संबंध जोडू नका. तार लावूनही घूं असेल तर हेडशेलमागचे (कार्ट्रिज धरणाऱ्या तुकड्यामागचे) चार बारीक क्लिप बघा: लाल उजव्याचा प्लस, हिरवा उजव्याचा मायनस, पांढरा डाव्याचा प्लस, निळा डाव्याचा मायनस. हिरवा किंवा निळा ढिला असेल तर त्या बाजूला जोरदार घूं. तरी नाही गेली तर प्लेअर उचलून ॲम्पपासून आणि स्टॅबिलायझरपासून मीटरभर लांब न्या. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र वायरीची शील्ड फारसं अडवत नाही, अंतरच अडवतं.

८. घरातले बाकीचे संशयित

झर्रर्र आवाज असेल तर मेन बोर्डावरचे एमसीबी (फ्यूजच्या जागचे स्विच) एकेक करून पाडा, ॲम्पचा तेवढा ठेवून. कोणता पाडल्यावर आवाज थांबतो ते लिहा, मग त्या खोलीतल्या वस्तू एकेक बंद करा. सापडतात ते बहुधा हे: सलग फिरणारा पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर (टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर आवाज करत नाही), आणि गणपतीच्या मखरातली स्वस्त एलईडी माळ. रेग्युलेटर बदला, माळेला दुसऱ्या सॉकेटवर पाठवा.

लाइट गेल्यावरच झर्रर्र होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. प्युअर साइन वेव्हचा घेतल्याशिवाय ते जाणार नाही. फिल्टरवर पैसे घालवू नका.

विहिरीचा पंप चालू असतानाच घूं येत असेल तर पंपाच्या वायरीतून करंट गळतोय. आधी पंप तपासून घ्या. तो विहिरीत, पाण्यात असतो.

घरी भजन बसत असेल आणि माइकची वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब असेल, तर दोन तारांचा साधा जॅक सोडून तीन पिनांची एक्सएलआर वायर आणि तिला घेणारा मिक्सर वापरा. सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो आणि दोन्हींवर सारखी बसलेली घूं मिक्सरमध्ये एकमेकींना खाते.

९. तरीही राहिली तर आयसोलेटर

पायरी ३ मध्ये लूप सापडला असेल आणि साफसफाई, एक बोर्ड, अर्थिंग सगळं होऊनही तो उरला असेल, तेव्हाच.

सगळ्यात चांगला उपाय धातूचा जोडच न ठेवणं. टीव्ही आणि ॲम्प दोघांना ऑप्टिकल (प्रकाशातून सिग्नल नेणाऱ्या) वायरीची सोय असेल तर ती लावा. प्रकाश अर्थ जाणत नाही. ब्लूटूथही चालेल. लॅनची साधी प्लास्टिक पिनची वायर मुळातच ट्रान्सफॉर्मरने सुटी असते, धातूच्या कवचाची असेल तर बदला.

ऑप्टिकल नसेल तर आरसीएच्या मधोमध ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर, म्हणजे धातूचा जोड तोडून सिग्नल तेवढा पुढे नेणारी डबी. अगदी स्वस्तातले खर्जाचे सूर खातात, तबल्याचा डग्गा पातळ होतो. परत करता येईल अशा दुकानातून घ्या आणि घरी डग्ग्यावर ऐकून ठरवा. तो लाइन लेव्हलवरच, म्हणजे सीडी, टेप, टीव्हीच्या सिग्नलवरच चालतो. रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीत किंवा स्पीकरच्या वायरीत कधीही नाही.

केबल टीव्हीच्या लूपसाठी कोॲक्सचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, सेट-टॉप बॉक्सच्या आधी लावायचा. डिश असेल तर तो लावू नका. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच कोॲक्समधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो, आयसोलेटर तो अडवतो आणि पडद्यावर "सिग्नल नाही" येतं. मग लोक डिश फिरवत बसतात. डिशच्या घरात आयसोलेटर ऑडिओच्या बाजूलाच.

आणि हे सगळं नीट बसल्यावर, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की विजेचा प्लग आणि कोॲक्स दोन्ही काढून ठेवा. नुसतं स्विच बंद करणं पुरत नाही.